गो + झिग सीसी: एका लॅपटॉपवरून सगळ्या प्रोसेसरांसाठी पॅकेज, काही महिने वापरून

आमचं छोटंसं डेटा लॉगर टूल आहे, गो भाषेत लिहिलेलं, आत एसक्यूलाइट (सीमध्ये लिहिलेला छोटा डेटाबेस). ते इंटेल सर्व्हरवर, क्लाउडवरच्या एआरएम६४ मशीनवर आणि फील्डवरच्या जुन्या रास्पबेरी पाय झीरोवर, तिन्हीकडे चालायला पाहिजे. आधी डॉकर बिल्डएक्स आणि क्यूएमूवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा एमुलेटर) भागवायचो, पण एमुलेशनमध्ये एसक्यूलाइटची ती अगडबंब सी फाइल कंपाइल व्हायला लागली की चहा घेऊन या, गप्पा मारून या, तरी चालूच. दिवाळीपासून सीच्या भागाला झिग सीसी, म्हणजे झिग भाषेसोबत येणारा सी कंपायलर, लावलंय.

स्पीड तर विचारूच नका, एकदम झकास. नुसता गो कोड असेल तर तसंही काही लागत नाही, २०१५ च्या १.५ व्हर्जनपासून गोओएस आणि गोआर्च (कुठली सिस्टिम, कुठला प्रोसेसर ते सांगणारी सेटिंग) सेट केलं की झालं. अडचण होते ती सीगो (गोमध्ये सी कोड जोडायची सोय) आलं की, मग प्रत्येक आर्किटेक्चरचा सी कंपायलर वेगळा, हेडर वेगळे, लायब्ररी वेगळ्या. झिगमध्ये हे सगळं एकाच टारबॉलमध्ये येतं. वर टारगेटच्या नावाला जीलिबसीचं (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) व्हर्जन जोडता येतं, २.३१ लिहा, डेबियन ११ वर पण चालतं, ते 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड'चं रडगाणं बंद. एवढ्यासाठी पैकीच्या पैकी मार्क.

आता पाय झीरो. त्याचा प्रोसेसर एआरएमव्ही६, आणि डेबियनचं 'आर्मएचएफ' (३२ बिट एआरएमच्या पॅकेजवरचं लेबल) म्हणजे व्ही७, रास्पबेरीवाल्यांचं 'आर्मएचएफ' म्हणजे व्ही६, पॅकेजवर लेबल मात्र सेम! गोच्या गोआर्म सेटिंगला ६ दिलं तरी ते फक्त गोच्या कोडपुरतं, सीच्या भागाला एमसीपीयू ऑप्शनमध्ये पाय झीरोचा एआरएम११७६ वेगळा सांगायचा. नाहीतर प्रोग्रॅम मस्त सुरू होतो, लॉग छापतो, आणि डेटाबेस उघडताना 'इलिगल इन्स्ट्रक्शन' म्हणून आडवा. गंमत म्हणजे क्यूएमूमध्ये हे दिसतच नाही, कारण तो मुळात जास्तीत जास्त फीचर असलेला सीपीयू दाखवतो, जुना सीपीयू हवा असेल तर तसं सांगावं लागतं. म्हणून एक खरा पाय झीरो टेबलावर कायम लावून ठेवलाय, रिलीज आधी त्यावर चालतं, मगच पुढे.

डेब-आरपीएम ही लिनक्सची इन्स्टॉल पॅकेजं एनएफपीएम या टूलवर बनवतो, ठीक चाललंय, एआरएम६४ चं आरपीएममध्ये नाव एआर्च६४ होतं ते तोच बघतो.

मॅकसाठी सीगोसकट बिल्ड हवं असेल तर झिगच्या भरवशावर राहू नका, ॲपलची फ्रेमवर्क त्यात येत नाहीत, ॲपलचं एसडीके (डेव्हलपमेंट किट) लागतंच, आम्ही ते बिल्ड सरळ मॅकवरच करतो. आणि झिग अजून १.० ला पोचलेलं नाही, त्यामुळे सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) व्हर्जन पिन करूनच, म्हणजे एकच ठरवून, वापरा.