यंत्र चोख, चिठ्ठी अर्धवट: जळगावातली लहान आतड्याची तपासणी

तोंडातून घातलेली साधी दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीलाच थांबते आणि कोलोनोस्कोपी फार तर शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत पोचते. मधलं काही मीटर आतडं दोन्हींतून सुटतं. दोन्ही नॉर्मल, तरी हिमोग्लोबिन उतरतंय आणि पोटात कळा येताहेत, अशा वेळी सीटी एन्टेरोग्राफी, म्हणजे लहान आतडं पाण्याने फुगवून काढलेला सीटी स्कॅन, करतात.

हा लेख जळगावातल्या ज्या सेंटरबद्दल आहे, तिथे ती नीट होते. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट नंबर लावतानाच मागतात. मॅनिटॉलचं (साखरेसारखा, पण आतड्यात फारसा न शोषला जाणारा पदार्थ) दीड लिटर पाणी पाऊण तासात, ग्लासागणिक घड्याळ बघून पाजतात आणि शेवटचा ग्लास पेशंट स्कॅनच्या टेबलावर जाण्याआधी. नुसतं पाणी वाटेतच शोषलं जातं, आतडं मिटतं; मग निरोगी भिंतही जाड दिसते आणि छोटी गाठ घडीत लपते. मॅनिटॉलने नंतर जुलाब होतात, आणि इथे संडास एकच! रावेर-चोपड्याची एसटी लगेच धरू नका.

घोळ आहे तो लघवीच्या तपासणीत. न्यूरोएंडोक्राइन गाठीचा (सेरोटोनिनसारखी रसायनं सोडू शकणारी गाठ) संशय असेल तर २४ तासांच्या लघवीत फाइव्ह-एचआयएए हा सेरोटोनिनपासून बनणारा पदार्थ मोजतात. इथली सूचनांची चिठ्ठी म्हणते, ‘नेहमीचा आहार चालेल.’ खान्देशात नेहमीचा आहार म्हणजे केळी आणि भरीत! केळ्यात सेरोटोनिन असतं, त्याचंच पुढे फाइव्ह-एचआयएए होतं आणि आकडा उगाच चढतो. वांगं, टोमॅटो, अननस, अक्रोड यांचंही तेच. आधीचे तीन दिवस आणि लघवी जमवायचा दिवस हे सगळं बंद. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. कॅनमध्ये ॲसिड असेल तर थेट त्यात करू नये, भांड्यातून ओतावी.

रिपोर्ट प्रामाणिक असतात. लहान आतड्याच्या शेवटाला भिंत जाड दिसली की ‘क्षय किंवा गाठ’ असं दोन्ही लिहितात, कारण सीटीवर ते सारखे दिसू शकतात. तिथवर कोलोनोस्कोप पोचतो, म्हणून आधी तपासणीला तुकडा घ्यावा. नुसत्या अंदाजाने क्षयाच्या गोळ्या चालू केल्या आणि निघाली गाठ, तर महिने हातचे जातात.

कॅप्सूल एन्डोस्कोपीही, म्हणजे गिळायच्या छोट्या कॅमेऱ्याची तपासणी, इथे होते. सीटीत अरुंद जागा दिसली असेल तर ती कॅप्सूल गिळू नये, अडकते. शिवाय ती फोटो काढते, तुकडा आणत नाही. त्यासाठी खोलवर जाणारी बलूनची दुर्बीण लागते आणि मोठं शहर गाठावं लागतं. तिथे सीटीच्या नुसत्या फिल्मवर भागत नाही. इथून स्कॅनची सीडी मागून घ्या, आपणहून देत नाहीत.