द्राक्षांचे 2,14,200 रुपये आणि हुकलेली नोटीस

राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय. दिंडोरी भागात आमची एक एकर द्राक्षबाग. फेब्रुवारी 2024 मध्ये एका व्यापाऱ्याने 41 रुपये किलोने सौदा केला. माल भरला 62 क्विंटल, म्हणजे 2,54,200 रुपये. 40,000 रोख दिले, उरलेल्या 2,14,200 चा चेक दिला, 12 मार्चची तारीख टाकून.

चेक त्याने पिकअपच्या बॉनेटवर ठेवून लिहिला. सही आधीच केलेली, निळ्या शाईची. रक्कम काळ्या पेनाने भरली. सहीजवळ छापलेलं नाव दुसऱ्याचंच! मी विचारलं. "मेव्हण्याचं खातं आहे दादा, घर एकच आमचं." तिथेच क्रेट खाली उतरवायला हवे होते. पण आभाळ भरून आलेलं, घड खुडून झालेले. खुडलेली द्राक्षं काय परत वेलीला लावणार होतो?

मग सुरू झालं, "आठ दिवस थांबा, कोलकात्याचं पेमेंट अडकलंय." चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, हे त्याला पक्कं ठाऊक. शेवटी 6 जूनला मी तो बँकेत भरला. 7 जूनला चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात पडला: खात्यात पुरेशी रक्कम नाही.

पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, खातेउतारा आणा. तिसऱ्यांदा, "हे आमच्याकडे येत नाही, कोर्टात जा." मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? बाजार समिती म्हणे शिवारातल्या सौद्याची आमच्याकडे नोंद नाही. मेमो देणाऱ्या बँकवाल्याने तर मान वर केली नाही. मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत खातेदाराला पैशाच्या मागणीची लेखी नोटीस गेली नाही तर त्या चेकवर कलम 138 चा, म्हणजे चेक न वटल्याचा फौजदारी खटला उभा राहत नाही. एवढं एक वाक्य यांच्यापैकी एकालाही बोलता आलं नाही? पगार कशाचा घेता?

15 जुलैला वकिलांकडे पोचलो. त्यांनी आधी मेमोची तारीख बघितली. आठ दिवस उशीर. आता उरला वसुलीचा दिवाणी दावा. आणि वेळेत गेलो असतो तरी चेकचा खटला खातेदार मेव्हण्यावर. माल नेणारा त्यात कुठेच नाही.

मेमो आला की त्याच दिवशी वकील गाठा, ठाण्यात दिवस घालवू नका. नोटीस मिळाल्यावर खातेदाराला पैसे द्यायला 15 दिवस, ते संपले की तुम्हाला कोर्टात जायला एक महिना. व्यापारी "थांबा" म्हणाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. माझ्याकडे सगळे नुसते फोन. आणि चेकवरचं नाव गाडी भरायच्या आधी वाचा. हाच माणूस यंदा शेजारच्या तालुक्यात बागा बघत फिरतोय.