शाळेचं ग्रंथालय: सरकारी निधी की देणग्या?

पालकसभेत धडपडणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न: ग्रंथालयासाठी सरकारकडे दरवर्षीचा निधी मागत बसायचं, की सरळ देणग्या गोळा करायच्या?

वेगात देणगी पुढे. सरकारी पैशाला अर्ज, पाठपुरावा आणि पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहणं आलंच.

टिकण्याचं म्हणाल तर चित्र उलटतं. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असं भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांच्या ग्रंथालयाविषयीच्या पाच सूत्रांपैकी पाचवं सांगतं (१९३१). म्हणजे दरवर्षी नवी पुस्तकं, फाटक्यांची बांधणी, कालबाह्य झालेल्यांची छाटणी आणि मुख्य म्हणजे ग्रंथपाल. कपाटावर नाव घालायला देणगीदार मिळतो, पण महिन्याच्या पगाराला सहसा कुणी पुढे येत नाही. मग कपाटाला कुलूप. इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्कोचा १९९९ चा शालेय ग्रंथालय जाहीरनामाही ही जबाबदारी स्थानिक ते राष्ट्रीय शासनावरच टाकतो, आणि प्रशिक्षित माणसांसाठी पुरेसा, सातत्याचा निधी मागतो.

पुस्तकांच्या निवडीत दोन्हीकडे बोंब. देणगीत घरची अडगळ येते, जुनी गाईडं वगैरे. सरकारी यादीही रटाळ असू शकते, तेव्हा निधीबरोबर निवडीचा हक्कही मागावा.

शिवाय देणग्या जिथे पैसा आहे तिथेच जमतात. गरीब वस्तीतली शाळा मागेच राहते.

वर्गात वाचनकोपरा सुरू करायचाय किंवा एकदाच फर्निचर हवंय, तर देणगी पुरे. ग्रंथपालासह रोज उघडणारं ग्रंथालय हवं असेल, तर अर्ज लिहायला घ्या.