‘बोर्ड गेलाय’ म्हणाला आणि ५,६४९ रुपये घेऊन गेला

टीव्ही दुरुस्त करायला आलेल्या पोराचं बिल: व्हिजिट चार्ज ४९९, ‘मेन बोर्ड’ ४,२००, ‘ओरिजिनल’ वायर ९५०. एकूण ५,६४९ रुपये. आणि बिघाड काय, तर एक लाल पिन शेजारच्या सॉकेटमध्ये होती आणि टीव्हीचा सोर्स, म्हणजे कुठल्या सॉकेटचं चित्र दाखवायचं ते, रिमोटने बदलायचा राहिला होता. बस.

दिवाळीला आई निफाडहून नाशिकला सिडकोत आमच्याकडे आली होती. तिला बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी बघायची होती, म्हणून जुना प्लेअर माळ्यावरून काढला आणि तीन पिनांची वायर ४३ इंची टीव्हीला लावली. चित्र आलं ते ब्लॅक अँड व्हाइट, आवाज एकाच बाजूने. टीव्हीमागे पाच सॉकेट आहेत: हिरवं, निळं, लाल, पांढरं आणि परत लाल. पिवळं नाहीच! पिवळी पिन हिरव्यात लावायची, हे तिथे इतक्या बारीक अक्षरांत छापलंय की बॅटरी मारूनही वाचता येत नाही. एक लाल चित्राचं, एक आवाजाचं, दोन्ही दिसायला सारखी. घरातल्या माणसाने ओळखायचं तरी कसं?

कंपनीचं कस्टमर केअर नेटवर शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पोरगा आला, टी-शर्टवर कंपनीचं नाव, गळ्यात ओळखपत्र. आल्या आल्या आईच्या पाया पडला. वायर हलवून बघितली न बघितली आणि म्हणाला, “काका, बोर्डाचा कलर सेक्शन उडालाय. नशीब, गाडीत एक बोर्ड आहे.” आईला चहा टाकायला सांगितला. मला म्हणाला, “मेन बंद करून खाली मीटरपाशीच थांबा, हाक मारली की चालू करा.” विजेचं काम म्हटल्यावर कुणीही गेलंच असतं.

वर आलो तर चित्र रंगीत, आवाज दोन्हीकडून. ‘जुना बोर्ड’ म्हणून त्याने पेपरात गुंडाळलेला तुकडा हातात दिला. टीव्हीची सॉकेट मेन बोर्डावरच असतात, आणि त्या बोर्डाला एचडीएमआयचं एकही सॉकेट नव्हतं! माझ्या टीव्हीला तीन आहेत, त्यातल्या एकात सेट टॉप बॉक्स लावलेला. मी तो बोर्ड उलटून पालटून बघितला, आणि तरी ते डोक्यात शिरलं नाही. टीव्ही भिंतीवर ब्रॅकेटला आहे, बसवताना दोन माणसं लागली होती. हा एकटा तेवढ्या वेळात तो उतरवून, उघडून, परत टांगणार? मागचं कोळ्याचं जाळंसुद्धा जसंच्या तसं होतं. पण समोर टीव्हीवर बहीण हळदीला बसलेली, आई डोळे पुसतेय. त्या वेळी कोण बोर्ड तपासतं? त्याला हे पक्कं माहीत होतं.

नंतर आमच्या केबलवाल्याने मला दाखवायला मुद्दाम लाल पिन परत चुकीच्या जागी लावली आणि सोर्स ‘कंपोनंट’वर (हिरवं-निळं-लाल मिळून चित्र) नेला. तेच ब्लॅक अँड व्हाइट चित्र, तोच एका बाजूचा आवाज. पिन जागेवर नेऊन सोर्स ‘एव्ही’ (पिवळ्या पिनेचं चित्र) केला, सगळं सुरळीत. एचडीएमआयने जोडलेल्या प्लेअरचं चित्र येऊन आवाज येत नसेल, तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बिटस्ट्रीमऐवजी पीसीएम निवडून बघा. टीव्हीला तीन पिनांची जागाच नसेल तर एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या, काहीशे रुपयांत मिळतो. उलटा, एचडीएमआय टू एव्हीवाला, चालत नाही.

आता तक्रारीचं ऐका. कंपनी म्हणते, तो आमचा माणूसच नाही. मग तुमच्या नावाचा टी-शर्ट घालून तो घरोघर फिरतो, त्याचं काय? पोलीस ठाण्यात ऐकवलं, “टीव्ही चालू झाला, तुम्ही पैसे दिलेत, गुन्हा कसला?” सायबरवाल्यांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता ना, मग तुमच्या ठाण्यातच जा. परत आलो तर साहेब बंदोबस्ताला. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पैसे मोबाइलवरून क्यूआर कोडवर दिले होते, तर बँकेचं एकच पालुपद, “यूपीआय पिन तुम्हीच टाकलात.” त्या कोडवर नाव भलत्याच बाईचं होतं, खातं कुठलं ते बँकेला कळतं, तरी सांगणार नाहीत! फसलेल्या माणसाने कागद घेऊन दारोदार फिरायचं आणि ज्याने फसवलं तो मजेत.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार २ वर्षांच्या आत करायची असते. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि नेमका तोच आपल्याकडे नसतो. म्हणून पैसे देण्याआधी पक्कं बिल घ्या, ओळखपत्राचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो काढा. कस्टमर केअरचा नंबर वॉरंटी कार्डावरूनच घ्या.

सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कुठेही असा कुणी ‘बोर्ड गेलाय’ म्हणत आला, तर मेन बंद करायला खाली जाऊ नका.