चेहरा शिकताना: आधी रेषा की आधी सावली?

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांच्या हाताला एक वळण लागलेलं असतं. आधी बारीक आउटलाइन काढायची, ती पक्की झाली की आत शेडिंग करायचं. तांब्या, वांगी, केळी यांना हे चालून जातं, पण चेहऱ्यापाशी आलं की हात अडतो. पोर्ट्रेट शिकायचं ठरवलेल्या माणसाने रेषेने सुरुवात करावी की सावलीने, असं मला बरेचदा विचारतात. मी दोन्ही वाटांनी गेले आहे आणि माझं मत सावलीच्या बाजूने आहे. अर्थात रेषेचा मान कुठे आहे, तेही सांगते.

रेषेला साहित्य फार लागत नाही. एक 2बी पेन्सिल आणि खिशात मावणारी वही पुरते. पुण्याच्या पीएमपी बसच्या गर्दीत, धक्के खात, समोरच्या आजोबांचा चेहरा काढायचा तर रेषाच कामाला येते. प्रमाणंही रेषेने लवकर कळतात: डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात (नवशिके सगळे वर काढतात) आणि दोन डोळ्यांमध्ये जवळपास एका डोळ्याइतकी जागा असते. व्यंगचित्र किंवा पेन-शाईचं काम करायचं असेल तर प्रश्नच नाही. आर. के. लक्ष्मण आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत आपल्या पुण्यातच राहिले. त्यांनी ब्रशच्या मोजक्या फटकाऱ्यांत पुढारी ओळखू येतील असे काढले. त्या वाटेने जाणाऱ्याने रेषाच घोटावी.

खरी अडचण नाकाला येते. समोरून पाहिलं तर नाकाच्या दांडीला कड अशी नसतेच. एक उजेडातली बाजू असते आणि एक अंधारातली. तरी आपण दोन उभ्या रेघा मारतो आणि चेहऱ्यावर नळी चिकटवल्यासारखी दिसते. डोळ्याचंही तसंच होतं. 'डोळा' म्हटलं की हात आपोआप माशाचा आकार काढतो, मग समोर आजी असो की पुतण्या. रेषेने काढताना आपण पाहतो त्यापेक्षा आठवतोच जास्त.

सावलीच्या पद्धतीत हे आठवणं बंद पडतं. दिवा एकच ठेवायचा, थोडा वर आणि एका बाजूला. मग डोळे किलकिले करून पाहायचं. बारकावे पुसट होतात आणि चेहऱ्याचे दोनच भाग उरतात, उजेड आणि अंधार. प्रकाश वरून असेल तर सावल्यांच्या जागा ठरलेल्या असतात: डोळ्यांच्या खोबणी, नाकाखाली, वरचा ओठ (तो खाली झुकलेला असतो म्हणून), खालच्या ओठाखाली आणि हनुवटीखाली. नकाशातला अनोळखी तालुका काढावा तसा प्रत्येक सावलीचा आकार काढायचा आणि एकाच सपाट टोनने भरायचा. बुबुळ, पापण्या, भुवयांचे केस यांतलं काही नाही.

एवढ्याने चेहरा दिसतो का? दिसतो. क्रेग मूनी या मानसशास्त्रज्ञाने 1957 मध्ये नुसत्या काळ्या-पांढऱ्या डागांचे चेहरे लोकांना दाखवले होते. त्यांत कुठे पूर्ण आउटलाइन नव्हती, तरी लोकांना त्यांत चेहरे दिसले.

माझ्या आईचा चेहरा मी सात-आठ वेळा रेषेने काढला. दर वेळी कोणी भलतीच बाई कागदावर यायची. मग एका सकाळी ती सदाशिव पेठेतल्या घरात खिडकीपाशी भाजी निवडत बसली होती, तेव्हा चारकोल, म्हणजे चित्र काढायची कोळशाची कांडी, घेतला. तिची उजवी खोबण आणि नाकाची बाजू मिळून एकच सावली झाली होती, मोठ्या स्वल्पविरामासारखी. दाढा काढल्यापासून बसलेल्या गालावर दुसरी एक तिरकी सावली होती. दोन्ही भरल्या आणि थांबले. बहीण मागून येऊन म्हणाली, "अगं, ही तर आई! डोळे कुठायत पण?" डोळे काढलेच नव्हते.

त्रासही सांगते. ट्यूबलाइटच्या खोलीत ही पद्धत चालतच नाही, कारण उजेड सगळीकडून येतो. फोनच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोवरून शिकू नका, चेहरा सपाट होतो. खिडकीचा उजेड सरकतो. सूर्य तासाला 15 अंश पुढे जातो, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत सावलीची कड आखून घ्यावी आणि मग ती बदलू नये. चारकोलने हात, ओढणी, टेबल सगळं काळं होतं, आणि पावसाळ्यात कागद सर्द झाला की खोडताना त्याचे तंतू निघतात. सुरुवातीची पाच-दहा चित्रं तर डागच वाटतील. तिथेच बरेचजण सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि सावली घेतली म्हणजे रेषा सुटली, असंही नाही. फ्रान्समध्ये शार्ल बार्ग याने 1860च्या दशकात जेरोम या चित्रकाराच्या साथीने सरावाचे तक्ते तयार केले. व्हॅन गॉगनेही ते गिरवले होते. त्यांत सरळ-सरळ रेषांनी आकार बांधतात, पण सावलीची कडही तितक्याच काळजीने आखलेली असते. मला हेच पटतं: रेषा ओढा, पण ती चेहऱ्याच्या कडेइतकीच सावलीच्या कडेवरही ओढा.

सरावाला संध्याकाळची मंडई फार चांगली. गाळ्यावर डोक्यावरून लोंबणारा बल्ब आणि त्याखाली चेहरा, वरून येणाऱ्या उजेडाचा धडा तयारच. मात्र विचारल्याशिवाय काढू नये. मी एका ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "काढा की, पण गिऱ्हाईक आलं की हलणार मी." चार मिनिटं मिळाली आणि हनुवटीखालची सावली नीट आली.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला यात घालू नका, त्याला मनसोक्त रेघा मारू द्या. मोठ्या माणसाला घरच्यांचे चेहरे काढायचे असतील तर पुण्यातल्या आप्पा बळवंत चौकातून चारकोलच्या कांड्या आणि मळून वापरायचं मऊ रबर आणा. क्लास लावणार असाल तर भरलेला वर्ग बघायला एकदा जा आणि तिथला उजेड पाहा. मॉडेलवर एकच दिवा असेल तर फी भरा. चार ट्यूबा जळत असतील तर सरांना विचारा की एका बाजूचा दिवा ठेवून बाकीच्या बंद करता येतील का.