पट्टायातला अर्धा तास

समुद्र दिसला की माझी अक्कल गहाण पडते, असं घरचे पहिल्यापासून म्हणतात. या वेळी पासपोर्टही पडला.

ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे बँकॉकला होतो. मधल्या शनिवार-रविवारी चोनबुरीच्या किनाऱ्यावरची गावं पालथी घालायची ठरवलं. बांग सेन, पट्टाया, आणि रविवारी सी राचाहून बोटीने को सी चांग बेट. सकाळी एकमाईच्या बसस्टँडवरून निघालो. बांग सेनला ओहोटी लागली होती. पाणी पार आत गेलेलं, चिखलट वाळू उघडी, आणि छत्र्यांखाली बसून खेकडे फोडणारी बँकॉकची कुटुंबं. दोन तास नुसता चालत होतो. तिथेच मुक्काम केला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

दुपारी पट्टायाला पोचलो. जेट स्की, म्हणजे पाण्यावर चालणारी मोटरबाइक, भाड्याने देणारा अगदी गोड बोलणारा होता. अर्धा तास, हजार बाट. अनामत म्हणून पासपोर्ट. मी जरा घुटमळलो, तसा त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून दाखवला. आत आधीच तीन पासपोर्ट. तिघांनी दिलेत म्हणजे इथली रीतच असेल, असं वाटून मी चौथा ठेवला. खरं तर ते तिघे माझ्यासारखेच अडकलेले असू शकतात, हे डोक्यात यायला हवं होतं.

अर्धा तास झकास गेला, ते नाकारत नाही. लाटा बेताच्या होत्या, कशाला धडकलो नाही की खडकाजवळ फिरकलो नाही. परत आलो तर दोघांनी जेट स्की गाड्यावर चढवून कलती केली आणि बुडाकडे बोट दाखवलं. वीतभर लांब ओरखडा.

मी वाकून पाहिलं. ताज्या ओरखड्याच्या कडा बोटाला टोचतात. याच्या कडा गुळगुळीत होत्या, आतला भाग पिवळट पडलेला, आणि एका टोकाला रंगाच्याच छटेची लांबी, म्हणजे फटी बुजवायची पुटी, चिकटलेली. नखाने उकरली तर मऊ खडूसारखी निघाली. माझा अंदाज असा, की जुन्या ओरखड्यात काहीतरी भरून वरून रंग फासायचा. पाण्यात ते सुटतं आणि बिल तुमच्या नावावर फाडलं जातं. मी ते सांगितलंही. त्यावर त्यांनी लॅमिनेट केलेला दरपत्रकाचा कागद पुढे केला. बूड: 45,000 बाट. नुकसानीचं छापील दरपत्रक तयार ठेवणाऱ्याचा धंदा नेमका कसला, ते तुम्हीच ठरवा.

मग तिसरा उगवला. हिंदी बोलणारा, हसतमुख. ‘भाई, टेन्शन मत लो.’ तो त्यांच्याशी माझ्या वतीने भांडला, हात जोडले, आणि रक्कम 12,000 वर आणली. मी त्याला धन्यवाद म्हणालो. आज आठवलं तरी कान तापतात. तोच मला स्कूटरवर बसवून एटीएमला घेऊन गेला. परदेशी कार्ड म्हणून मशीनने वर 220 बाट कापले ते वेगळेच. माझ्या प्रवास विम्यात भाड्याच्या वाहनाचं नुकसान धरलेलं नव्हतं, त्यामुळे तिकडूनही काही मिळालं नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: 1155 ला फोन का नाही केला? हा थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा नंबर, चोवीस तास चालणारा, इंग्रजीत बोलता येतं. हा फोन पैसे देण्याआधी करायचा, किनाऱ्यावर उभं राहून, त्यांच्यासमोर. ‘चला, चौकीवरच बोलू’ म्हणायचं आणि हसतमुख मध्यस्थाला लांबूनच हात जोडायचे. निघण्यापूर्वी जेट स्की कोरड्या वाळूवर कलती करायला लावून बुडाचा व्हिडिओ काढायचा. मालक कुरकुरला तर सरळ पुढे जायचं. पण व्हिडिओ असूनही पासपोर्ट त्यांच्या डब्यात असेल तर वाद तुम्ही आधीच हरलेला असता. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, अनामत म्हणून ठेवायची वस्तू नव्हे. आणि समजा अडकलाच, तरी बँकॉकच्या भारतीय दूतावासातून घरी परतण्यापुरता तातडीचा दाखला मिळतो. हे मला माहीत असतं तर त्या डब्याची एवढी दहशत बसली नसती.

को सी चांग राहिलंच. खिशात तेवढे पैसे उरले नव्हते. रविवारी सकाळी बस पकडण्याआधी पुन्हा त्याच किनाऱ्यावर गेलो. माझी जेट स्की गाड्यावर उभी होती. बूड चकचकीत, फक्त वीतभर पट्टा बाकीच्या रंगापेक्षा जरा फिका आणि चमक नसलेला. लांबूनच फोटो काढला. तेवढ्यात एक बाप-लेक तिच्याकडे वळले. बापाने कमरेच्या पाउचमधून पासपोर्ट काढला.

मी हिंदीतच ओरडलो. त्यांना हिंदी येत होतं की नाही कोण जाणे, पण बाप थबकला, माझ्याकडे पाहिलं आणि पासपोर्ट परत पाउचमध्ये टाकला. कालचा स्कूटरवाला नारळपाण्याच्या गाडीशी उभा होता. त्याने मला ओळखलं आणि हसून हात केला.