दुहेरी काचेत धुकं: भोक पाडून सुकवावी, काच बदलावी की आख्खी खिडकी?

आधी वाफ नेमकी कुठे धरलीय ते पाहा. आतून बोटाने पुसली गेली, किंवा पावसाळ्यात एसी चालू असताना बाहेरच्या अंगाला धरली, तर काचेत बिघाड नाही. दोन्हीकडून पुसूनही जात नसेल तर ती मधल्या पोकळीत आहे. कडेच्या ॲल्युमिनियमच्या स्पेसरमध्ये, म्हणजे दोन काचांत अंतर राखणाऱ्या पट्टीत, ओल शोषणारे दाणे असतात. सील सुटलं की दमट हवा आत शिरते, दाणे तुडुंब होतात आणि पाणी काचेवर धरायला लागतं.

भोक पाडून सुकवण्यात काच जागची हलत नाही आणि खर्च कमी. दोन बारीक भोकं पाडतात, पोकळी धुऊन सुकवतात, भोकांना झडपेच्या टोप्या लावतात. पण सील फुटकंच राहतं आणि उष्णता अडवायला पोकळीत भरलेला आर्गॉन वायू असलाच तर तो परत येत नाही. काचेला खाल्लेले पांढरे डागही तसेच राहतात. कोपऱ्यात टफनचा (तापवून कडक केलेल्या काचेचा) शिक्का असेल तर हा पर्याय बादच. ड्रिल लागलं की काचेचा चुरा.

चौकट सरळ असेल तर फक्त काच बदला. बहुतेक घरांत हेच परवडतं. काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांपैकी (बीडिंग) सर्वांत लांब पट्टी मधोमध पातळ पट्टीने उचकटून आधी काढायची. बीडिंग परत बसवताना आखूड आधी, लांब शेवटी. काच बसते त्या चौकटीच्या खाचेचं माप घेऊन चारही बाजूंना ३ ते ५ मिमी फट सोडा. जाडीही मोजा: ५-१२-५ (काच-पोकळी-काच) म्हणजे २२ मिमी. टफन काच नंतर कापता येत नाही, तेव्हा माप दोनदा घ्या. पाच-पाच मिमीच्या दोन काचांचं वजन चौरस मीटरला २५ किलो भरतं. एकट्याने उचलू नका. काचेखाली टेकू देणारी दोन पॅकिंग हवीत, दोन्ही काचांना पुरतील इतकी रुंद. अरुंद पॅकिंगने एक काच लोंबकळते आणि सील पुन्हा सुटतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र कडेला नको, ते सीलच खातं. न्यूट्रल मागा.

आख्खी खिडकी बदलायची ती चौकट वाकली, कोपऱ्याचा जोड तडकला किंवा पल्ला बसेनासा झाला तरच. त्यात तोडफोड आणि प्लास्टर आलं, शिवाय सोसायटीला विचारणंही.

नवी काच चढवण्याआधी खालच्या खाचेत पेलाभर पाणी ओता. ते चौकटीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या निचऱ्याच्या भोकांतून लगेच निघालं पाहिजे. तुंबलं तर भोकं तारेने मोकळी करा. कड पाण्यात उभी राहिली की नवं सीलही टिकत नाही.